सगळेच एक नंबर

पत्र

दादा, नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातली. शाळेत चित्रकला शिकवते आणि सुट्टीत जलरंगात रंगवते. सगळी आपल्याच भागातली चित्रं: केळीच्या घडांनी भरलेला ट्रक, आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) झोका, कानबाई देवीची मिरवणूक, सारंगखेड्याचा घोडा, भुसावळ स्टेशनचा पूल. मूळ चित्रं विकायला मन होत नाही म्हणून प्रिंट काढायचं ठरवलं. दहा चित्रांच्या वीस-वीस, अशा २०० प्रिंट गावातल्या फ्लेक्सवाल्याकडून चकचकीत कागदावर काढून घेतल्या. लिमिटेड एडिशन असली की भाव येतो असं वाचलं होतं, म्हणून प्रत्येकीवर पेनाने १/५० लिहून सही केली. जळगावला तीन दिवस स्टॉल लावला. पाचशे रुपये किंमत ठेवली होती, शेवटच्या दिवशी दीडशेवर आले. सात गेल्या. बाकीचे ‘एक नंबर!’ म्हणून मोबाइलवर फोटो काढून पुढे गेले. एक आजी म्हणाल्या, ‘माय, हाऊ कागद शे का सोनं?’

आता नातेवाइकांना फुकट हव्या आहेत. पुण्याचा एक ऑनलाइन विक्रेता म्हणतो, फाइली द्या, विकल्या गेलेल्या प्रिंटमागे ४० रुपये देतो. आमच्या गावच्या सराफांना झोक्याचं मूळ चित्र हवं आहे, ते पुढच्या वर्षी कॅलेंडरवर छापायचंही म्हणतात. चोपड्याच्या एका कुटुंबाने पैसे देऊन त्यांच्या वाड्याचं चित्र करून घेतलं होतं, त्याच्याही प्रिंट काढाव्यात असं वाटतं. मुंबईच्या एका लॅबने चांगल्या कागदावरच्या एका प्रिंटचे ७०० रुपये सांगितले, ऐकूनच पोटात गोळा आला. सासूबाई कपाटातला गठ्ठा बघतात आणि काही बोलत नाहीत, ते जास्त लागतं. खान्देशात राहून हे जमेल का, की पुण्याला जावं?

एक चित्रकला शिक्षिका

उत्तर

ताई,

सगळ्यात मोठा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही, म्हणून मी विचारतो. ज्या सात जणांनी प्रिंट घेतल्या, त्यांचे फोन नंबर तुमच्याकडे आहेत का?

यूपीआयने पैसे आले असतील तर निदान नावं तरी सापडतील. शोधाच. एडिशनच्या आकड्यात रेघेच्या आधीचा आकडा म्हणजे ही कितवी प्रत आणि नंतरचा म्हणजे एकूण किती निघणार. तुम्ही सातही जणांना लिहून दिलंत की पन्नासांतली पहिली प्रत तुमचीच. सगळेच एक नंबर! वाचून हसलो, खोटं कशाला सांगू. मग माझाच जुना उद्योग आठवला आणि हसू गेलं.

जळगावात मी तीस वर्षं फ्रेमिंगचं दुकान चालवलं. एका चित्रकार मित्राच्या चित्राच्या आम्ही २५ प्रती काढल्या होत्या आणि पंचवीसच्या पंचवीस हातोहात संपल्या. दोन वर्षांनी एक जुनं गिऱ्हाईक त्याच चित्रासाठी हट्टाला पेटलं. फाइल माझ्याकडेच होती. मी एक प्रत गुपचूप काढली. ती माउंटमध्ये, म्हणजे काचेखालच्या पुठ्ठ्याच्या चौकटीत, बसवत होतो तेव्हा एक डॉक्टर दुकानात आले, ज्यांच्या घरी ३/२५ टांगलेली होती. त्यांनी काउंटरवर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ‘पुन्हा येतो’ म्हणाले. आले नाहीत. त्यांच्या दवाखान्याच्या सगळ्या फ्रेमा माझ्याकडे होत्या, त्याही गेल्या. एका प्रिंटपायी.

लाकडाच्या किंवा लिनोच्या ठशाला, तांब्याच्या प्लेटला आकडा घालण्याला खरं, झिजण्याचं कारण असतं. ड्रायपॉइंटची, म्हणजे सुईने थेट ओरखडून केलेली, प्लेट थोड्याच प्रतींनंतर बसायला लागते, रेषेचा तो मखमली काठ जातो, म्हणून लवकरच्या प्रतीला मान. तुमच्या फाइलीतलं काहीही झिजत नाही. हजारावी प्रत पहिलीसारखीच येणार. म्हणजे तुमच्या १/५० मागे ना लाकूड आहे ना तांबं, फक्त तुम्ही दिलेला शब्द आहे. गिऱ्हाईक कागदासाठी शंभर-दोनशे देईल, वरचे पैसे त्या शब्दाचे असतात. तो पहिल्याच स्टॉलवर सैल झाला, म्हणून आधी तो आवळायचा.

सातही जणांना फोन करा. सरळ सांगा, माझ्याकडून आकडा चुकला, ही प्रत परत द्या, मी चांगल्या कागदावरची बरोबर नंबरची प्रत देते, वर काही देऊ नका. सातशे रुपयांनी सात प्रतींचे ४,९०० होतात. महाग वाटेल. पण हे सात जण अनोळखी असून तुमच्याकडे थांबले आणि खिशात हात घातला. त्यांतले निदान तिघं-चौघं ही गोष्ट आपल्या घरी, ऑफिसात सांगतील. एवढ्या पैशात तुम्हाला दुसरी कुठली जाहिरात मिळणार आहे? ज्यांनी पहिल्या दिवशी पाचशे मोजले असतील त्यांना तर आवर्जून करा, कारण तिसऱ्या दिवशी तीच वस्तू दीडशेला गेली हे त्यांना कधी ना कधी कळणारच. जळगाव काही इतकं मोठं नाही.

इथून पुढे आकडा पेन्सिलीने. बॉलपेनची शाई उडते, कागदात पसरते. शिसपेन्सिल तशीच राहते. चित्राखालच्या पांढऱ्या पट्टीत डावीकडे आकडा, उजवीकडे सही, मधे चित्राचं नाव लिहायचं असेल तर लिहा. चित्रावर काही लिहू नका. आकडा पन्नास नको, पंचवीस पुरे. स्वतःसाठी दोन प्रती ‘ए. पी.’ म्हणजे आर्टिस्ट्स प्रूफ म्हणून वेगळ्या ठेवायची रीत आहे, तेवढीच सूट. आणि एक वही. किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीसारखी: कुठलं चित्र, कितवा नंबर, कोणाला, कधी, किती रुपयांना. उद्या तेच चित्र मोठ्या आकारात काढावंसं वाटलं तर आजच ठरवा की ते याच पंचविसांत धरायचं की त्याची वेगळी एडिशन, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला ते लिहून द्या. नंतर ठरवलेलं कोणाला पटत नाही.

आता त्या आजी. त्यांचं काही चुकलं नाही. आपल्याकडे भिंतीवरचं चित्र फुकटच येतं. सराफाचं कॅलेंडर, बियाण्याच्या कंपनीचं, पतपेढीचं. वर्ष संपलं की तारखांचा भाग कापायचा आणि लक्ष्मी फ्रेम करायची, असं काम मी शेकड्याने केलं आहे. ही सवय जुनी आहे. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, एकेका रंगाला एकेक दगड अशी शिळाछापाची चित्रं निघू लागली आणि ज्यांनी तैलचित्र कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं त्यांच्या देवघरात सरस्वती आणि लक्ष्मी पोचल्या. छापील चित्राचं प्रेम आपल्या लोकांना भरपूर आहे. त्याला मोठे पैसे पडतात ही कल्पना मात्र नवी आहे, आणि तुम्ही ती कॅलेंडरच्याच चकचकीत कागदावर मांडलीत. आजींनी बोट लावलं, बोटाला कॅलेंडर लागलं, त्यांनी कॅलेंडरचा भाव केला.

म्हणून कागद बदला. कॉटन रॅग मागा, म्हणजे कापसाच्या धाग्यापासून केलेला, आम्लविरहित, चकाकी नसलेला, ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) आसपासचा. तुमच्या जलरंगाच्या कागदासारखाच हाताला लागतो, त्यामुळे जलरंगाची प्रिंट त्याच्यावर शोभते. कापूस पिकवणाऱ्या मुलखात हे समजवायला सोपं जातं: ‘हा लाकडाचा नाही, कपाशीचा कागद आहे.’ स्टॉलवर एक कोरा तुकडा लोकांच्या हातात द्यायला ठेवा. मी ठेवायचो. बोटांना पटलं की तोंडाला फार बोलावं लागत नाही.

लॅबला दोन प्रश्न विचारा. शाई पिगमेंटची (न विरघळणाऱ्या रंगकणांची) की डायची (विरघळलेल्या रंगाची)? डायची लवकर उडते, पिगमेंटची कितीतरी जास्त टिकते. दुसरा, कागदात ब्राइटनर आहे का? फार पांढराशुभ्र दिसणारा कागद बहुधा रसायनाने उजळलेला असतो, वर्षं गेली की ते उजळपण उतरतं आणि पिवळसर झाक येते. ‘जिक्ले’ या शब्दाला भुलू नका. त्याचा अर्थ चांगली इंकजेट प्रिंट एवढाच, आणि तो शब्द कोणीही कशावरही चिकटवतो.

सातशे रुपयांनी पोटात गोळा आला, कारण तुम्ही मनात त्याला दोनशेने गुणलंत. गुणू नका. डिजिटल प्रिंटची खरी सोय हीच आहे की सगळी एडिशन एकदम काढावी लागत नाही. आज प्रत्येक चित्राची १/२५ काढा, ती नमुना म्हणून ठेवा किंवा विका. मागणी आली की २/२५. फाइल तीच, लॅब तीच, कागद तोच, एवढं पाळलं की झालं. आणि दहा चित्रं नकोत. स्टॉलवर दहा बघून माणूस ‘सगळीच छान आहेत’ म्हणतो, आणि सगळी छान असली की एकही घेत नाही. पाच ठेवा. कुठली, ते त्या सात जणांनी काय उचललं त्यावरून ठरवा. लोकांनी फोटो कशाचे काढले ते मोजू नका, फोटो काढायला पैसे पडत नाहीत.

स्कॅनचं काम मात्र कंजुषी न करता करा, इथे बिघडलं तर पुढे कुठलाच कागद वाचवत नाही. मोबाइलच्या फोटोत कडा वाकतात आणि कागदाचा पांढरा रंग एका कोपऱ्यात राखाडी, दुसऱ्यात पिवळा होतो. जलरंगात तर तो पांढराच अर्धं चित्र असतो. तुम्ही बहुधा इम्पीरियल कागदाचा चतकोर वापरत असाल, ११ बाय १५ इंच. तो ए-३ स्कॅनरवर सपाट मावतो. इंचाला ३०० ठिपक्यांनी तो ३,३०० बाय ४,५०० पिक्सेलचा होतो, तेवढ्यात मूळ आकाराची उत्तम प्रिंट येते. कधी दुप्पट मोठी काढावीशी वाटेल म्हणून ६०० वर स्कॅन करून ठेवा. फाइल टिफमध्ये, म्हणजे बारकावे न गमावणाऱ्या प्रकारात, व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या जेपीजीत नाही. पहिल्या पूर्ण प्रिंटच्या आधी लॅबकडून एकाच ए-४ वर तीन चित्रांचे तुकडे छापून मागवा आणि ते मूळ चित्राशेजारी धरून सकाळच्या उजेडात, ओट्यावर बघा. ट्यूबलाइटखाली नको. केळीच्या पानाचा हिरवा आणि झोक्यावरच्या लुगड्याचा लाल, हे दोन आले तर बाकीचे येतात. मॉनिटरवर दिसणारे काही रंग शाईत येतच नाहीत, त्याच्यावर रडत बसू नका.

या ११ बाय १५ वरून एक फ्रेमवाल्याची गोष्ट सांगतो, जी लॅबवाला सांगणार नाही. तुम्ही ए-३ वर छापाल तर चित्राचं प्रमाण वेगळं आणि कागदाचं वेगळं, कडा कमी-जास्त सुटतील.  त्याऐवजी चित्र मूळ आकारात छापा आणि चारही बाजूंनी अडीच-अडीच इंच पांढरं सोडा. झालं १६ बाय २०, म्हणजे तयार फ्रेमचा चालू आकार. गिऱ्हाईक धुळ्यात असो की नाशकात, दुकानातून फ्रेम उचलेल आणि संध्याकाळी भिंतीवर लावेल. मोजून सांगत नाही, पण माझ्या दुकानात किती लोक सुरळी घेऊन यायचे आणि खास आकाराच्या फ्रेमचा भाव ऐकून सुरळी परत घेऊन जायचे! ती चित्रं अजून कुठल्यातरी माळ्यावर असतील. आणि जो माळ्यावर टाकतो तो दुसरी प्रिंट घेत नाही.

फ्रेम करून द्यायची तर दोन गोष्टी सांभाळा. प्रिंटला काच टेकू द्यायची नाही, मधे माउंट हवाच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो, घरोघरी कूलर लागतात, बाहेर कोरडा फुफाटा आणि खोलीत दमट हवा. कागद फुगतो, लाटा येतात, काचेला टेकलेला भाग चिकटून बसतो आणि काढताना शाईसकट निघतो. मी स्वतः उमेदवारीत प्रिंट डिंकाने सरसकट हार्डबोर्डवर डकवायचो, पाचेक वर्षांत पिवळे डाग उमटायचे. वरच्या कडेला दोन कागदी बिजागऱ्यांवर टांगायची, बाकी मोकळी सोडायची. दुसरं, पश्चिमेच्या उन्हाची भिंत नको, हे गिऱ्हाइकाला तोंडाने सांगा. सांगितल्याने विक्री बिघडत नाही, उलट यांना कळतं असं त्यांना वाटतं.

पाठवताना प्रिंटवर बटर पेपर, मग सुरळी, मग जाड पुठ्ठ्याची निदान तीन इंच व्यासाची नळी. बारीक नळीत कोंबलेली प्रिंट आठवडाभर सरळ होत नाही.

किंमत. प्रिंट ७००, नळी-पॅकिंग ८०, म्हणजे ७८० तुमच्या खिशातून. २,२०० ठेवा. ‘बाप रे’ म्हणू नका, हिशेब बघा. स्वतः विकलीत तर १,४२० उरतात, त्यात स्कॅन, स्टॉलचं भाडं, जाणं-येणं आणि चित्राला लागलेले दिवस. फ्रेमच्या किंवा भेटवस्तूंच्या दुकानात ठेवलीत तर दुकानदार ३० ते ४० टक्के घेईल, आणि ते वाजवी आहे, भिंत त्याची आहे. ३५ टक्के धरले तर त्याचे ७७०, तुमचे ६५०. म्हणजे २,२०० हा दुकानालाही पोट भरू देणारा भाव आहे. दीडशेच्या भावात ना तुमचं भागतं ना त्याचं. आणि दुकानात २,२०० असताना घरून १,६०० ला देऊ नका. तो दुकानदार तुमचा माल दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत टाकेल. मी टाकला आहे.

शेवटच्या दिवशी भाव पाडायचा मोह होतो, कारण माल परत न्यायचा कंटाळा येतो. तुमच्याकडे आता पाचच नमुने असतील, एका पिशवीत मावतील. घासाघीस होणारच, ‘काय भो, इतलं महाग?’ हे इथे रामराम म्हटल्यासारखं आहे. त्याच्यासाठी भाव कमी करू नका, वस्तू बदला. पाच चित्रांचे पोस्टकार्ड-संच करा, ऑफसेटवर छापा, शंभर-सव्वाशेला द्या. आजी ते नक्की घेतील. नातेवाइकांनाही तेच द्या, हसून, आणि तिथेच विषय संपवा. भाचीच्या वास्तुशांतीला मात्र स्वतःहून एक नंबरची प्रिंट फ्रेम करून न्या. मागून मिळालेली आणि आपणहून आणलेली यांतला फरक आपल्या माणसांना बरोबर कळतो.

भाव एडिशनसोबत चढवायची पद्धतही आहे: पहिल्या दहा २,२०० ला, पुढच्या दहा २,६०० ला, शेवटच्या पाच ३,२०० ला. लवकर घेणाऱ्याला बरं वाटतं. पण मागे यायचं नाही.

विकायचं कुठे? ‘कलाप्रेमी’ शोधायला गेलात तर महिन्याला दोन भेटतील, तेही चित्रकारच निघतील. भिंती शोधा. वास्तुशांतीला काय न्यावं हा प्रश्न प्रत्येक घराला वर्षातून चार वेळा पडतो, आणि उत्तर म्हणून घरात सात घड्याळं जमतात. जळगाव-धुळ्यातले दवाखाने, वकिलांची ऑफिसं, अजिंठ्याच्या वाटेवरची हॉटेलं यांच्या भिंतींवर परदेशातले धबधबे लागलेले असतात. तिथे केळीचा ट्रक लावून बघा. पण तुमचं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक इथे राहतच नाही. आखाजीचा झोका ज्याच्या दारात अजून बांधतात त्याला झोक्याचं चित्र कशाला? ते हवं असतं पुण्यात दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या पाचोऱ्याच्या मुलीला, सुरतेत उधना-लिंबायतला दोन पिढ्या काढलेल्या आपल्या माणसांना. कानबाईला ती गावी येतात, तेव्हा तुमचा माल समोर असू द्या. फोनवर टाकताना प्रिंट खऱ्या घरात, खऱ्या सोफ्यावर लावून फोटो काढा म्हणजे आकार कळतो, आणि किंमत तिथेच लिहा. ‘किंमतीसाठी संपर्क करा’ वाचून आपला माणूस संपर्क करत नाही, महाग असणार म्हणून पुढे जातो.

सुरतेवरून एक कोरडी गोष्ट. जीएसटीत राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, पण दुसऱ्या राज्यात माल गेला की ही सूट सहसा उरत नाही, काही हस्तकलेच्या वस्तू सोडल्यास. गुजरातला नळ्या पाठवण्याआधी सीएकडे एक चक्कर मारा.

पुण्याच्या चाळीस रुपयेवाल्याला नाही म्हणा. चाळीस कमी आहेत हे कारण दुय्यम आहे. फाइल गेली की किती प्रती निघाल्या हे तो सांगेल तेवढंच तुम्हाला कळणार, आणि मग तुमच्या पंचवीसला काय अर्थ?

सराफांचा विषय गोड आहे, पण त्यात तीन वेगळ्या वस्तू एकत्र बांधल्या गेल्या आहेत. मूळ चित्र ही एक वस्तू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र विकलं तरी त्याचा कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो, लेखी दिल्याशिवाय जात नाही. कॅलेंडरवर छापायची परवानगी ही दुसरी वस्तू, तिचे पैसे वेगळे, आणि कागद वेगळा: कुठल्या वर्षासाठी, किती प्रती, खाली तुमचं नाव. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, म्हणून लिहा. तिसरी वस्तू म्हणजे तुमची प्रिंट. झोका अमळनेरच्या घराघरात कॅलेंडरवर फुकट पोचला तर झोक्याच्या २,२०० च्या प्रिंटचं काय होणार, ते आजींनी आधीच सांगितलं आहे. माझं ऐकाल तर त्यांना मूळ चित्र चांगल्या किमतीला द्या आणि कॅलेंडरसाठी दुसरं चित्र सुचवा. ‘मूळ विकायला मन होत नाही’ म्हणता, पण प्रिंट विकायची तर मूळ चित्र विकलं जाणं चांगलं. ज्याचं मूळ विकलं गेलं त्याच्या प्रिंटकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात.

हातातून सोडण्याआधी स्कॅन मात्र झालेलाच हवा, आणि दोन ठिकाणी ठेवलेला. भुसावळचा पूल रंगवता, तर त्याच गावात मेजर रॉबर्ट गिलची कबर आहे हे ठाऊक असेल. १८४४ पासून त्याने अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यात उमेदीची वर्षं घातली. त्या लंडनला गेल्या आणि तिथल्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनाच्या इमारतीला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत बहुतेक जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले जॉन ग्रिफिथ्स आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा तेच काम केलं, त्यांतल्याही कितीतरी १८८५ च्या आगीत गेल्या. त्यांच्याकडे पेनड्राइव्ह नव्हता.

चोपड्याच्या वाड्याचं चित्र वेगळ्या खणात ठेवा. कोणी पैसे देऊन, सांगून काढून घेतलेल्या चित्राचा पहिला कॉपीराइट, वेगळं ठरलं नसेल तर, त्या सांगणाऱ्याचा असतो. तो वाडा तुमच्या हातचा असला तरी त्याच्या प्रिंट काढायला त्यांची लेखी परवानगी घ्या. एखादी प्रत भेट दिलीत तर बहुधा आनंदाने देतील. आणि सारंगखेड्याचा घोडा तुम्ही यात्रेत उभं राहून रंगवलात की कोणाच्या फोटोवरून? पत्रात नाही म्हणून विचारतो. दुसऱ्याच्या फोटोवरून जसाच्या तसा केला असेल तर तो या पाचांत नको. दत्तजयंतीला तापीकाठी जा, स्वतःची स्केचं करा, घोडा पुन्हा रंगवा.

पुण्याला जायचं असेल तर विकायला जा, राहायला नको. चाळीसगावला स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, आता संग्रहालय. टेबलावर मांडलेल्या वस्तूंमधून अख्खं जग उभं करणारी त्यांची छायाचित्रं त्या घरात तयार झाली, आणि तो माणूस दारातून बाहेर फारसा पडलाच नाही. त्यांच्याइतकं घट्ट बसायची गरज नाही, पण एकदा ते घर बघून या. प्रिंट कशी असावी, हेही तिथे कळेल.

राहिला कपाटातला १९३ चा गठ्ठा. त्यांच्यावरची सही आणि १/५० ची पट्टी कापून टाका, प्रत्येकीची, एकही न विसरता. मग तो चकचकीत कागद उलट कामाचा आहे, हात पुसला तरी खराब होत नाही. तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांना वर्गात लावायला वाटून टाका. कापायला सासूबाईंना बसवा. तोंडी विषय निघाला नाही तरी हात चालू लागले की बोलणं सुटतं, असा माझा अनुभव आहे.

आणि भुसावळच्या पुलाची एक प्रिंट मला हवी आहे, १६ बाय २०. फ्रेम मी करीन. आधी त्या सात जणांचे नंबर लागू द्या, मग मला जो येईल तो. २,२०० पाठवतो. पन्नास रुपयेही कमी केलेत तर परत करीन.